संगणकाच्या ग्रंथालयाची कथा

ज्या विषयावर मी आज बोलणार आहें तो विषय माझा नव्हे, हें आरंभींच कबूल करतों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. आयुष्य गेलें तें मुलांना व्याकरण, इतिहास आणि थोडेंबहुत गणित शिकविण्यांत. संगणक हातांत आला तो केस पिकूं लागल्यावर. तरीहि या यंत्राच्या पोटांतील एका गोष्टीचा इतिहास मीं गेलीं कांहीं वर्षें आवडीनें वाचला. आणि तो वाचावयास लावणारी माझी स्वतःचीच एक चूक होती. ती चूक आधीं सांगतों, मग इतिहासाकडे वळूं.

सतरा-अठरा वर्षांपूर्वींची गोष्ट. मी ज्या शाळेंत होतों तेथें कोणा दात्याकडून चार जुने संगणक आले. त्यांच्यासाठीं ऑपरेटिंग सिस्टिम विकत घेण्यास शाळेपाशीं पैसे नव्हते. म्हणून एका माजी विद्यार्थ्यानें लिनक्स ही मुक्त सिस्टिम बसवून दिली. एके दिवशीं गुणपत्रकें तयार करण्याची एक आज्ञावली मी त्यावर चढवावयास गेलों. पडद्यावर इंग्रजी ओळ उमटली. तिचा अर्थ इतकाच कीं, अमुक नांवाची लायब्ररी, आणि तीहि अमुक आवृत्तीची, सांपडत नाहीं. मला वाटलें, हें यंत्र आमच्या वाचनालयाची चौकशी करीत आहे कीं काय! नववींतला एक मुलगा माझ्या मदतीला असे. तो म्हणाला, "सर, थांबा. त्याला काय हवें तें आधीं नीट बघूं. जबरदस्ती नको." मीं ऐकलें नाहीं. शेजारच्या नव्या यंत्रावरून त्याच नांवाची फाइल आणली आणि जुन्या फाइलीच्या डोक्यावर बळेंच बसविली. ती निघाली सर्व आज्ञावलींच्या पायाची लायब्ररी! यंत्र जें बंद पडलें तें पुन्हां उठलें नाहीं. दुरुस्त करणारानें सारें पुसून नव्यानें मांडलें, आणि त्यांत सहामाहीचे सर्व गुण गेले. मुख्याध्यापकांनीं कारण विचारलें तेव्हां त्यांची दृष्टि त्या मुलाकडे वळली. आणि श्रोतेहो, मी गप्प बसलों. त्या मुलाला संगणकाच्या खोलीची बंदी झाली. उत्तरपत्रिका पुढ्यांत घेऊन तीन रात्री मीं गुण पुन्हां भरले. पण माझ्या मौनाची भरपाई त्यानें झाली नाहीं.

तेव्हांपासून मनांत प्रश्न राहिला तो असा कीं, ही लायब्ररी म्हणजे आहे तरी काय, आणि एका फाइलीवांचून सारें गाडें अडावें अशी व्यवस्था शहाण्या माणसांनीं केली तरी कशासाठीं?

सोलापुरांत वाढलेल्या माणसाला याचें उत्तर मागाजवळ उभें राहून लवकर कळतें. आपल्या चादरीवर मोर, फुलें, वेलबुट्टी उमटते ती जेकार्डच्या योगानें. ल्योन शहरच्या जोसेफ मारी जेकार्ड यानें १८०४ च्या सुमारास ही योजना सिद्ध केली. भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते. जेथें भोंक तेथें ताण्याचा धागा उचलला जातो, जेथें नाहीं तेथें तो खालींच राहतो, आणि मधून धोटा जातो. पुठ्ठ्यांची माळ बदलली कीं नक्षी बदलली. म्हणजे कारागिराची बुद्धि मागापासून वेगळी काढून पुठ्ठ्यांत सांठवितां आली. इंग्लंडांतील चार्ल्स बॅबेज यानें आपल्या नियोजित गणकयंत्रासाठीं हीच कल्पना उचलली, आणि संगणकाच्या इतिहासांत भोंकांच्या पुठ्ठ्यांनीं पुढें दीर्घकाळ राज्य केलें.

आतां केंब्रिज विद्यापीठाकडे चला. तेथें मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखालीं एडसॅक नांवाचा संगणक तयार झाला व ६ मे १९४९ रोजीं त्यानें आपलें पहिलें गणित सोडविलें. या यंत्राला हुकूम द्यावयाचे ते भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरून. थोड्याच दिवसांत तेथील मंडळींच्या ध्यानांत आलें कीं, प्रत्येक जण तेंच तें काम पुन्हां पुन्हां लिहीत आहे. वर्गमूळ काढावयाचें, उत्तर कागदावर छापावयाचें, हीं कामें सर्वांनाच लागतात. मग तीं एकदांच चोख लिहून ठेवावीं आणि ज्याला हवीं त्यानें घ्यावीं, हें बरें नव्हे काय? डेव्हिड व्हीलर या तरुणानें अशा छोट्या आज्ञासमूहांना मुख्य आज्ञावलीशीं जोडण्याची युक्ति बसविली. त्यांच्या फिती एका पोलादी कपाटांत नीट लावून ठेवलेल्या असत. गरजवंतानें कपाट उघडावें, हवी ती फीत काढावी, तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवावी आणि मूळ फीत जागेवर ठेवावी. यालाच ते लायब्ररी म्हणत. तेव्हां श्रोतेहो, हें नांव अलंकारिक नव्हे. संगणकाची पहिली लायब्ररी खरोखरच कपाटांतली होती. या पद्धतीवर विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनीं लिहिलेलें पुस्तक १९५१ सालीं प्रसिद्ध झालें.

परंतु येथें प्रत्येक जण नक्कल आपल्या घरीं नेत होता. पुढें एकाच यंत्रावर एका वेळीं अनेक आज्ञावली चालूं लागल्या, आणि प्रत्येकीच्या पोटांत त्याच गोष्टीची वेगळी प्रत, हा अपव्यय डोळ्यांत येऊं लागला. त्यावर सामायिक लायब्ररीचा उपाय निघाला. साठच्या दशकांतील मल्टिक्स या सिस्टिमींत ही कल्पना होतीच. पुढें युनिक्सच्या घराण्यांत ती रूढ झाली. जुन्या वाड्यांत लग्नकार्याचीं मोठीं पातेलीं, परातीं आणि झारे कसे सर्वांचे मिळून एकच असत, तसा हा प्रकार. प्रत्येक बिऱ्हाडानें शंभर माणसांचें पातेलें विकत घ्यावयाचें कारण नाहीं. पातेल्याला कल्हई एकदांच करावी, तिचा लाभ सर्वांस होतो. आज एखाद्या सामायिक लायब्ररींतला दोष दुरुस्त केला कीं तिच्यावर चालणाऱ्या शेंकडों आज्ञावली एकदम निर्दोष होतात, तो याच न्यायानें.

पण या सोयीची दुसरी बाजूहि आहे. ऐन पंगतीच्या वेळीं पातेलें जागेवर नसलें तर सर्वांचाच स्वयंपाक अडतो. आणि पातेलें बदलून मोठें आणलें व झांकण मात्र जुनेंच राहिलें, तर झांकण आंत पडतें. माझ्या यंत्राचें नेमकें हेंच झालें. लायब्ररीला नांवाबरोबर आवृत्तीचा अंक असतो तो उगीच नव्हे. तो अंक म्हणजे पातेल्याचें माप.

आतां मुक्त सिस्टिमींत हा प्रश्न विशेष बिकट कां झाला तें पाहूं. युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला; केन थॉम्प्सन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख जनक. पुढें युनिक्सवर मालकीचीं कुलुपें पडलीं. आज्ञावली वापरा, पण आंत पाहूं नका, दुरुस्त करूं नका, शेजाऱ्याला देऊं नका, ही नवी रीत रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थास सहन झाली नाहीं. सप्टेंबर १९८३ मध्यें त्यांनीं ग्नू या मुक्त सिस्टिमीची घोषणा केली, आणि मिळालेलें स्वातंत्र्य पुढच्या माणसालाहि द्यावेंच लागेल असा परवाना रचला. या सिस्टिमीचा गाभा तयार होण्याचें राहिलें होतें. तितक्यांत १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपला गाभा लोकांपुढें ठेवला, व पुढील वर्षीं तो त्याच परवान्याखालीं आणला. दोहोंचा संयोग झाला आणि कोणाच्याहि मालकीची नसलेली, पण सर्वांना आपली म्हणतां येईल अशी सिस्टिम जगाला मिळाली.

मालक नाहीं, म्हणजे मुकादमहि नाहीं. अक्षरें काढणारा एका देशांत, चित्रें दाखविणारा दुसऱ्या देशांत, गुप्तलिपी रचणारा तिसऱ्याच ठिकाणीं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या लायब्ररीवर विसंबून आपलें काम करणार. गिरणींत सूत, रंग आणि माग एका छपराखालीं असतात. येथें सूत एका गांवीं, रंग दुसऱ्या गांवीं, आणि माग तिसऱ्या गांवीं. हें सारें गोळा करून, एकमेकांशीं जुळतें कीं नाहीं तें पाहून, गृहस्थाच्या हातीं तयार देणारी मंडळी हवी होती. १९९३ सालीं पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनीं स्लॅकवेअर काढलें. त्याच वर्षीं १६ ऑगस्टला इअन मर्डॉक यांनीं डेबियनची घोषणा केली. स्वतःचें व पुढें पत्नी झालेल्या डेब्रा हिचें नांव जोडून त्यांनीं हें नांव बनविलें होतें. पाठोपाठ रेड हॅट आलें.

स्लॅकवेअरची रीत साधी होती. गठ्ठा सोडावा, सामान मांडावें. कांहीं कमी पडल्यास ज्याचें त्यानें पाहावें. डेबियन व रेड हॅट यांनीं पुढचें पाऊल टाकलें. प्रत्येक गठ्ठ्यावर, म्हणजे ज्याला पॅकेज म्हणतात त्यावर, त्यांनीं एक चिठ्ठी लावली: 'मला चालावयास अमुक लायब्ररी, अमुक आवृत्तीची किंवा तिच्यापुढची, लागते, आणि अमुकाशीं माझें जमत नाहीं.' डेबियनची ही व्यवस्था डीपॅकेज या नांवानें ओळखली गेली. रेड हॅटची १९९५ मधली व्यवस्था ती आरपीएम. मोडण्याआधींच यंत्र आतां 'थांबा' म्हणूं लागलें, ही प्रगति लहान नव्हे.

परंतु उणीव सांगणें वेगळें आणि ती भरून काढणें वेगळें. यंत्र म्हणे, 'क'ला 'ख' पाहिजे. 'ख' आणावा तों त्याला 'ग' पाहिजे. 'ग' मिळवावा तर त्याला पायाची लायब्ररी नवी हवी. आणि ती नवी घातली कीं जुन्या सर्व आज्ञावली रुसून बसणार! पायाच्या सी-लायब्ररीची पांचवी पिढी जाऊन सहावी आली, तेव्हां तर घरोघर हाच अनुभव आला. रेड हॅटनें हा पालट १९९७ च्या डिसेंबरांत केला, डेबियननें १९९८ च्या जुलैंत. या काळाला जाणकार मंडळी आजहि नरकवासाची उपमा देतात. भारतांत जनतेसाठीं इंटरनेट सुरू झालें तेंच १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, तेंहि मोठ्या शहरांत आणि दूरध्वनीच्या तारेवरून मुंगीच्या पावलानें. मोफसलच्या माणसाला लिनक्स मिळे तें बहुधा संगणकाच्या मासिकासोबत येणाऱ्या तबकडीवरून. तबकडीवर एक लायब्ररी नसली म्हणजे पुढच्या अंकाची, किंवा पुण्या-मुंबईहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाची वाट पाहावयाची.

यांतून सुटका केली ती एका नव्या व्यवस्थेनें. मार्च १९९९ मध्यें डेबियनची २.१ आवृत्ति आली आणि तिच्यासोबत ॲप्ट हें साधन आलें. ॲप्ट चिठ्ठी वाचून स्वस्थ बसत नाहीं. चिठ्ठींत जें मागितलें आहे त्याचीहि चिठ्ठी तें वाचतें, त्याच्या पुढचीहि वाचतें, सर्व यादी एकत्र करतें, कोठारांतून सामान आणतें आणि योग्य क्रमानें मांडतें. रेड हॅटच्या घराण्यांत हेंच काम पुढें यम या साधनानें केलें, ज्याची घडण ड्यूक विद्यापीठांतील सेथ विडाल यांच्या हातून झाली. आतां गृहस्थानें फक्त म्हणावयाचें, 'मला अमुक आज्ञावली हवी'. बाकीचा खटाटोप यंत्राचा.

हा खटाटोप किती अवघड, हें ज्यानें शाळेचें वेळापत्रक केलें आहे त्यालाच कळेल. गणिताचे शिक्षक एका वेळीं दोन वर्गांवर जाऊं शकत नाहींत, प्रयोगशाळा एकच, चित्रकलेच्या बाईंना दुपारीं सवड नाहीं. दोन-चार अटी असतील तर घटकाभरांत जमतें. अटी वाढल्या कीं रात्री जातात. पॅकेजांचेंहि असेंच आहे. युरोपांतील ईडॉस नांवाच्या संशोधन-प्रकल्पानें २००६ च्या सुमारास सिद्ध करून दाखविलें कीं, एखादें पॅकेज बसेल कीं नाहीं हा प्रश्न मूलतः गणितांतील अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गांत मोडतो. सर्व प्रसंगीं झटपट उत्तर देणारी युक्ति अशा प्रश्नांना ठाऊक नाहीं. सुदैवानें व्यवहारांत येणारे बहुतेक प्रसंग सोपे असतात. जून २००८ च्या ओपनसुसे ११.० या आवृत्तींत तर्कशास्त्रांतील कूट सोडविणारी रीत याच कामीं लाविली, आणि निर्णय सेकंदांत होऊं लागला.

आपल्या मराठीचा या कथेशीं संबंध काय, असें आपण विचाराल. संबंध फार जवळचा आहे. एकेकाळीं संगणकावर एका फाँटांत लिहिलेलें मराठी पत्र दुसऱ्याकडे पाठविलें आणि त्याच्याकडे तोच फाँट नसला, तर पत्राच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा चिवडा दिसे. पत्र खोटें नव्हतें. त्याला हवी असलेली वस्तु जवळ नव्हती. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति आली, तींत देवनागरीला स्वतःचीं स्थानें मिळालीं. पण अंक मिळाले म्हणून अक्षर उमटत नाहीं. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द घ्या. पहिल्यांत डोंगराच्या दऱ्या, दुसऱ्यांत समुद्र. पहिला 'र' चंद्रकोरीसारखा आडवा, दुसरा रफार होऊन डोक्यावर. हा भेद यंत्राला कळावा यासाठीं अक्षरजुळणीची लायब्ररी लागते, अक्षराकृति रेखाटणारी दुसरी लागते, आणि मराठी वळण जाणणारा फाँट लागतो. लोहित हा मुक्त फाँट रेड हॅटनें उपलब्ध करून दिला तो अशाच गरजेपोटीं. या सांखळींतली एक कडी निखळली कीं 'दऱ्या'चा समुद्र होतो, किंवा नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतात.

पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें भारतीय भाषांसाठीं या क्षेत्रांत पुष्कळ काम केलें. २००७ सालीं तिनें डेबियनच्या पायावर बॉस नांवाची भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम प्रसिद्ध केली, तींत मराठीलाहि स्थान आहे. मुंबईच्या आय.आय.टी.नें स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमांतून लिनक्सचे पाठ भारतीय भाषांतून तयार केले. त्यांत सिनॅप्टिक हें पॅकेज बसविण्याचें साधन कसें वापरावें याचाहि पाठ मराठींत आहे. माझ्यासारख्या मॅट्रिक माणसाला तो ऐकून जें उमगलें तें इंग्रजी पुस्तकांतून उमगलें नसतें.

येथवर ऐकून आपणांस वाटेल कीं प्रश्न सुटला. तसें नाहीं, त्याचें रूप बदललें. पूर्वीं लायब्ररी मिळत नसे ही अडचण होती. आतां ती इतक्या सहज मिळते कीं आपण कोणाकोणावर विसंबून आहों हें आपल्याला ठाऊकच नसतें. मार्च २०१६ मध्यें एका कार्यकर्त्यानें नांवाच्या वादांत रागावून आपलीं पॅकेजें कोठारांतून काढून घेतलीं. त्यांत लेफ्ट-पॅड नांवाचें एक होतें. अवघ्या ११ ओळींचें! शब्दाच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणें एवढेंच त्याचें काम. पण त्याच्यावर इतर अनेक पॅकेजें विसंबलेलीं होतीं आणि मोठमोठ्या आज्ञावलींची बांधणी जगभर अडली. अखेर कोठाराच्या चालकांना तें परत ठेवावें लागलें.

त्याहून गंभीर प्रसंग २०२४ सालचा. एक्सझेड नांवाची, फाइली आंखडून लहान करणारी लायब्ररी. तिची निगा राखणारा गृहस्थ विनावेतन राबून थकला होता. टोपणनांवानें एक मदतनीस आला, दोनहून अधिक वर्षें इमानानें काम करून त्यानें विश्वास संपादिला, आणि मग लायब्ररींत गुप्त चोरवाट घातली. दूरच्या यंत्रांत शिरण्याचें जें रक्षित द्वार, त्यानें ही लायब्ररी स्वतः मागितलेली नव्हती. कांहीं लिनक्समध्यें तें दुसऱ्या एका लायब्ररीवर विसंबे आणि ती दुसरी हिच्यावर. सांखळीच्या तिसऱ्या कडींतून चोर घरांत येत होता! आंद्रेस फ्रॉइंड या तंत्रज्ञाला हें द्वार उघडावयास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. त्यानें तो अर्धा सेकंद उगीच म्हणून सोडून दिला नाहीं. खोदीत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यानें सर्व जगाला सावध केलें. दूषित प्रत तोंवर मुख्यत्वें परीक्षणासाठीं असलेल्या आवृत्त्यांतच पोंचली होती, म्हणून अनर्थ टळला.

या इतिहासापासून गृहस्थानें काय घ्यावें? पहिलें हें कीं, यंत्रानें 'सांपडत नाहीं' म्हटलें तर ती ओळ शेवटपर्यंत वाचावी. नांव आणि आवृत्ति तींतच असते. दुसरें, ती वस्तु आपल्या सिस्टिमीच्या अधिकृत कोठाराकडेच आधीं मागावी, रस्त्यावर मिळेल ती उचलूं नये. तिसरें, पॅकेज बसविणारें साधन नको म्हणत असतां बळजबरी करूं नये. चौथें, कांहींहि करण्यापूर्वीं महत्त्वाच्या कागदांची प्रत अन्यत्र ठेवावी. हे चारहि नियम त्या नववींतल्या मुलाच्या एका वाक्यांत होते, आणि मीं ते मोडले.

आणखी एक गोष्ट आहे, ती नियमांत बसत नाहीं. लायब्ररीचें नांव आपण केव्हां ऐकतों? ती हरवली म्हणजे. जोंवर ती मुकाट्यानें काम करीत असते तोंवर तिची व ती लिहिणाराची कोणालाच आठवण नसते; अडलें मात्र कीं दोष सर्वप्रथम तिच्या माथीं. घरांत, शाळेंत, गिरणींत अशीं माणसें असतात. माझ्या शाळेंत तसा एक मुलगा होता. बिघाड माझ्या हातून झाला आणि शिक्षा त्यानें भोगली. तो आज कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. पुढच्या वर्षीं वडिलांची बदली होऊन तो गांव सोडून गेला, आणि जी गोष्ट मीं त्याला वर्गांत सर्वांदेखत सांगावयास हवी होती ती राहून गेली. सोलापुरांतून निघालेला हा आवाज कदाचित् त्याच्याहि कानीं पडेल. त्या दिवशीं चूक माझी होती, बाळ, तुझी नव्हती.